कोणती गाडी खपते, कोणती पडून राहते

दसऱ्याच्या सकाळी सोलापुरात होटगी रोडने किंवा विजापूर रोडने एक चक्कर मारा. मोटारीच्या शोरूमसमोर गर्दी दिसेल. नव्या गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. घरची सगळी माणसं नटून आलेली असतात. आजीबाई गाडीला ओवाळतात. शोरूमवाला पेढे वाटतो आणि चावी हातात देताना फोटो काढतो.

आता त्याच शोरूमच्या मागच्या बाजूला जा. तिथे पत्र्याचं कुंपण घातलेली मोकळी जागा असते. तिला यार्ड म्हणतात. तिथेही नव्या गाड्याच उभ्या असतात. पण त्यांना हार नाही. काचेवर धूळ बसलेली, चाकाजवळ गवत उगवलेलं. कुणीतरी धुळीत बोटाने आपलं नाव लिहून ठेवलेलं. गाडी नवी, पण महिनोन् महिने जागची हललेली नाही.

पुढची गाडी का गेली आणि मागची का राहिली? हा आजचा धडा.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही विड्या वळणारी, माग चालवणारी माणसं. आम्हाला मोटारीचा धडा कशाला?" म्हणणं बरोबर आहे. माझ्याकडेही सायकलच आहे. पण आता दिवस बदलले. कुणाचा मुलगा टेम्पो घेतो, कुणाचा जावई भाड्याने चालवायला मोटार घेतो. हप्त्यावर घेतो आणि सह्या करायला घरच्या माणसांना घेऊन जातो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशीच गाडी घेतली आणि एक आकडा न वाचल्यामुळे त्याला मोठा फटका बसला. ती गोष्ट शेवटी सांगेन. आधी व्यवहार समजून घेऊ.

पहिली गोष्ट. यार्डातली गाडी कुणाची? पुष्कळांना वाटतं, कंपनीची. तसं नाही. कंपनी गाडी बनवते आणि शोरूमवाल्याला, म्हणजे डीलरला विकते. डीलर बहुधा बँकेचं कर्ज काढून ती घेतो. गाडी यार्डात आली त्या दिवसापासून डीलरच्या डोक्यावर व्याज चढू लागतं.

हिशेब करू. समजा, गाडी ८ लाखांची आहे. व्याज शेकडा १० धरा. वर्षाचं व्याज झालं ८० हजार रुपये. त्याला ३६५ ने भागा. रोजचे साधारण २२० रुपये झाले. गाडी झोपली तरी व्याज झोपत नाही. दोन महिने उभी राहिली की एका गाडीमागे १३ हजारांवर रुपये गेले. यार्डात अशा पन्नास गाड्या असतील तर? तो गुणाकार तुम्हीच करा.

म्हणून डीलरला गाडी लवकर घालवायची घाई असते. कंपनीला तेवढी नसते, कारण तिचे पैसे तिला मिळालेले असतात. वर्तमानपत्रात दर महिन्याला बातमी येते की अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या विकल्या. ती वाचताना एक ध्यानात ठेवा. पुष्कळदा तो आकडा कंपनीने डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा असतो. गिऱ्हाइकाच्या दारात किती गेल्या, तो आकडा वेगळा. २०२४ च्या सप्टेंबरचा हिशेब देताना वाहन विक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेने सांगितलं की डीलरांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका माल साठला आहे. सुमारे ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत सुमारे ७९ हजार कोटी रुपये. कागदावर विकलेल्या, पण यार्डात उभ्या.

एक काळ असा होता की पडून राहिलेली नवी गाडी कुणी पाहिलीच नव्हती. तो काळ आमच्या सोलापूरच्याच एका माणसाने उभ्या केलेल्या कारखान्यावरून चांगला समजतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. जहाजं, विमानं, मोटारी, तिन्ही धंद्यांत त्यांनी हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९४७ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तिथे इटलीच्या फियाट कंपनीची गाडी बनू लागली. तिचंच नाव नंतर प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती हीच.

त्या काळी कारखान्याने किती गाड्या काढायच्या, हे सरकार परवान्याने ठरवत असे. परदेशी गाडी आणणं जवळजवळ बंदच होतं. देशात मुख्य गाड्या तीन. बंगालची अॅम्बॅसडर, मुंबईची फियाट, मद्रासची स्टँडर्ड. घेणारे पुष्कळ आणि गाड्या थोड्या. मग काय होणार? माणसं पैसे भरून नाव लावत आणि वर्षानुवर्षं वाट पाहत. पुण्याजवळच्या आकुर्डीला बनणाऱ्या बजाज स्कूटरची तऱ्हा तर आणखी न्यारी. चेतक स्कूटर १९७२ साली आली. तिच्यासाठी दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. मुलगी चौथीत असताना नाव लावलं आणि स्कूटर आली ती जावयाच्या कामाला, असं लोक हसून सांगत. नंबर लागलेला माणूस स्कूटर दारात येताच जास्त किमतीला विकून टाकी. वापरलेली स्कूटर नवीपेक्षा महाग! आज हे कुणाला खरं वाटणार नाही.

तेव्हा गाडी चांगली होती म्हणून खपत होती का? काही अंशी, हो. फियाट मजबूत होती आणि कुठल्याही गावी दुरुस्त होई. पण खरं कारण वेगळं होतं. दुसरं काही मिळतच नव्हतं. दुष्काळात रेशनच्या दुकानी आलेला कसलाही जोंधळा संपतो, तसं ते होतं. तिथे दुकानदाराला गिऱ्हाइकाचं मन ओळखावं लागत नाही.

१९८३ च्या १४ डिसेंबरला मारुती ८०० आली. जपानच्या सुझुकी कंपनीबरोबर मिळून सरकारनेच ती काढली होती. कारखाना दिल्लीजवळ गुडगावला. गाडी छोटी, हलकी, कमी पेट्रोलवर धावणारी. सकाळी एका चावीत सुरू होणारी. गाडी यायच्या आधीच लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं. १९९१ नंतर परवान्याची बंधनं सुटली, नवनव्या कंपन्या आल्या. ज्या पद्मिनीसाठी लोक रांग लावत, तिच्याकडे आता बघेनात. गाडी तीच होती. तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राहिली, एवढंच झालं. २००० सालाच्या सुमारास पद्मिनी बनायची थांबली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली.

गिऱ्हाइकाला निवड मिळाली की खरी परीक्षा सुरू होते. त्या परीक्षेत एक मोठी गाडी नापास झाली. तिची हकिकत जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

ती गाडी म्हणजे टाटांची नॅनो. रतन टाटांनी एकदा पावसात स्कूटरवरून जाणारं एक कुटुंब पाहिलं. नवरा गाडी चालवतोय, पोर पुढे उभं, बायको मागे, तिच्या कडेवर दुसरं मूल. त्यांच्या मनात आलं, या माणसांना परवडेल अशी चारचाकी का करू नये? हेतू उत्तम होता. असं दृश्य आपण आजही अक्कलकोट रोडला रोज पाहतो. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी नॅनो दाखवली. किंमत सांगितली, एक लाख रुपये. साऱ्या जगाने तोंडात बोट घातलं.

२००९ च्या एप्रिलमध्ये नोंदणी सुरू झाली. दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. इतक्या गाड्या कुठून द्यायच्या? पहिल्या एक लाख गाड्यांसाठी चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. कारखाना आधी बंगालात सिंगूरला होणार होता. तिथे शेतकऱ्यांच्या जमिनीवरून मोठं आंदोलन झालं आणि २००८ च्या ऑक्टोबरात तो गुजरातेत साणंदला न्यायचं ठरलं. त्यात वेळ गेला. नवा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकेल एवढा बांधला. आणि खपल्या किती? सगळ्यांत चांगल्या वर्षी, म्हणजे २०११-१२ साली, सुमारे ७४ हजार. २०१० च्या नोव्हेंबरात तर सबंध देशात अवघ्या ५०९ गाड्या गेल्या. पुढे खप ओसरतच गेला. २०१८ च्या जूनमध्ये कारखान्यातून एकच नॅनो बाहेर पडली. एक!

जगातली सगळ्यांत स्वस्त मोटार. मग ती का पडून राहिली?

कारणं पुष्कळ सांगतात. काही नॅनो गाड्यांनी पेट घेतला. गाड्या थोड्याच होत्या, पण फोटो घरोघर पोचले. चिठ्ठीत नाव येईपर्यंत आणि गाडी मिळेपर्यंत लोकांचा उत्साह ओसरला. किंमत लाखावर राहिली नाही, चढत गेली. इंजिन मागे असल्यामुळे सुरुवातीच्या गाडीला मागून उघडणारी डिकी नव्हती. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडावी लागे. पुण्याला मुलीकडे जाताना ज्वारीचं पोतं, शेंगाचटणीचा डबा आणि चार चादरी नेणाऱ्या आमच्या माणसाला हे कसं चालावं?

पण माझ्या मते मोठं कारण निराळंच आहे. गाडीची ओळख "सगळ्यांत स्वस्त" अशी झाली. गरीब माणूस पै-पै जमवून मोटार घेतो ती काय नुसता पाऊस चुकवायला? गल्लीत गाडी आली की शेजारपाजारचे बघायला येतात. सोयरे म्हणतात, "पोराने नाव काढलं." अशा वेळी कुणी म्हणालं, "अरे, ती एक लाखवाली ना?" तर त्याच्या जिवाला काय वाटेल? ज्याच्यासाठी गाडी केली, त्यालाच ती घ्यायला संकोच वाटू लागला. तो म्हणाला, आणखी थोडे पैसे घालू आणि जुनी मारुती घेऊ. रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं की स्वस्त म्हणून तिची ओळख झाली आणि आपल्याच लोकांनी ती तशी करून दिली, ही चूक होती. एवढ्या मोठ्या माणसाने चूक कबूल केली, याचं मला कौतुक वाटतं.

आता उलटं उदाहरण घ्या. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, कुठल्याही बाजूला जा. वस्तीवर, साखर कारखान्याच्या दारात, बाजार समितीत एक चौकोनी, पेटीसारखी गाडी हटकून दिसेल. महिंद्राची बोलेरो. ती २००० साली आली. दिसायला काही फार देखणी नाही. आत मऊ गाद्यांची मिजास नाही. आज तिच्याहून सुंदर गाड्या ढीगभर आहेत. तरी ती वर्षानुवर्षं खपते. का? एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याला मी हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "गुरुजी, चिखलात अडकत नाही. नऊ माणसं बसतात, लग्नाला तर बारा. बिघडली तर गावातला मिस्त्री नीट करतो. आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर दारात चार गिऱ्हाइकं येतात."

बारा माणसं बसवणं कायद्याला धरून नाही. ते आपण सोडून देऊ. बाकी त्याचं बोलणं नीट पाहा. त्यात त्याने किंमत काढलीच नाही. गाडी किती कामाला येते, बिघडली तर कोण बघतो आणि विकताना किती येतील, हा त्याचा हिशेब. शहरातला नोकरदार हाच हिशेब थोडा फिरवून करतो. तो विचारतो, लिटरला ॲव्हरेज किती? सर्व्हिसिंगला किती लागतात? सोलापुरात सर्व्हिस सेंटर आहे, की प्रत्येक वेळी पुण्याला पळायचं? ज्या कंपनीचं कामाचं ठिकाण गावात नाही, तिची गाडी सोन्याची असली तरी गिऱ्हाईक बिचकतं. अपघातात पुढचा दिवा फुटला आणि तो यायला तीन आठवडे लागले, एवढी एक गोष्ट गावात पसरली की पुरे.

नाव आणि भरवसा जमला तर काय होतं तेही ऐका. त्याच महिंद्रा कंपनीची स्कॉर्पिओ २००२ पासून लोकांच्या ओळखीची होती. तिचा नवा अवतार २०२२ साली आला. तो पुण्याजवळ चाकणला बनतो. ३० जुलैला नोंदणी उघडली आणि अर्ध्या तासात एक लाख लोकांनी नाव लावलं. पुष्कळांना गाडीसाठी वर्षभर थांबावं लागलं. अर्थात नाव लावलेले सगळेच गाडी नेतात असं नाही. नोंदणीचे पैसे परत मिळत होते, तेव्हा काहींनी हौसेनेही नाव घातलं असणार. नोंदणीच्या आकड्याने हुरळून गेलं की काय होतं, ते नॅनोने दाखवलंच आहे.

कधी कधी मात्र गाडी चांगली, किंमत बरोबर, कंपनीही भरवशाची असते. तरी गाडी हलत नाही. कारण वेळ चुकलेली असते. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त आहेत. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि दिवाळीच्या पाडव्याचा अर्धा. त्या दिवशी डिलिव्हरी द्यायला डीलरला माणसं पुरत नाहीत. पितृपंधरवड्यात मात्र शोरूममध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो. मुहूर्तावर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही. पण बाजार माझ्या विश्वासावर चालत नाही. आमच्या जिल्ह्यात आणखी एक मुहूर्त आहे, तो पंचांगात सापडत नाही. उजनी भरलं का आणि उसाचं बिल जमा झालं का, हा तो मुहूर्त.

२०२५ साली तर फार मजेदार गोष्ट झाली. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी सांगितलं की जीएसटी कमी करणार. लोकांनी काय केलं? हात आखडला. उद्या स्वस्त होणार तर आज कोण घेतो? ३ सप्टेंबरला निर्णय जाहीर झाला. छोट्या पेट्रोल गाडीवर कर आणि अधिभार मिळून २९ टक्के होते, ते १८ होणार. पण कधीपासून? तर २२ सप्टेंबरपासून. मधल्या दिवसांत पितृपंधरवडाही आला. तेव्हा ऐन गणपतीच्या दिवसांपासून गाड्या यार्डात तशाच उभ्या राहिल्या. २२ तारखेला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी नवा दर लागू झाला. मग एकच झुंबड उडाली. गाडीत एका खिळ्याचाही बदल झाला नव्हता. आदल्या दिवशी पडून राहिलेली गाडी दुसऱ्या दिवशी पळाली.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, रंगाची. आपल्या देशात पांढरी गाडी सगळ्यांत जास्त खपते. उन्हात कमी तापते, धूळ कमी दिसते आणि विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतं. सोलापूरचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला हे सांगायला नको. डीलरच्या यार्डात मात्र जर्द पिवळी किंवा नारिंगी एखादी गाडी येऊन पडते. कारखान्यातून जे आलं ते घ्यावं लागतं. ज्या गाडीला मागणी आहे ती हवी असेल तर तिच्याबरोबर न खपणारीही घ्या, असा दाबही कित्येकदा असतो. मंडईत चांगल्या टोमॅटोच्या तळाशी दोन मऊ टोमॅटो घालतात, तसंच.

आता माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट.

तो यंत्रमागावर टॉवेल काढतो. घरचे तीन माग आहेत. आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागे. रिक्षात तिला बसवत नसे. म्हणून त्याने गाडी घ्यायचं ठरवलं. एका शोरूममध्ये गेला. विकणाऱ्या पोराने त्याला एक करड्या रंगाची गाडी दाखवली. म्हणाला, "साहेब, हिच्यावर ४० हजारांची सूट आहे. ही एकच उरली आहे, उद्या राहणार नाही." गाडी धुऊन पुसून चकचकीत केलेली होती. सूट ऐकून त्याला आनंद झाला. बारा-पंधरा कागदांवर त्याने सह्या केल्या. वाचता येत होतं, पण वाचलं नाही. पोरगा म्हणत होता, "इथे करा, इथे करा", आणि हा करत गेला.

घरी आल्यावर काही दिवसांनी आरसी बुक आलं. त्यावर एमएच १३ चा नंबर होता. नाव, पत्ता सगळं बरोबर होतं. त्याने ते देवापाशी ठेवून दिलं. पहिल्या पावसाळ्यात गाडी सकाळी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. मिस्त्रीने बॉनेट उघडलं तर आत उंदराने एक वायर कुरतडून ठेवलेली. मिस्त्री म्हणाला, "ही गाडी फार दिवस उभी होती वाटतं." याने मनावर घेतलं नाही.

तीन वर्षांनी टॉवेलचा बाजार बसला. हप्ते जड झाले. गाडी विकायला काढली. घेणाऱ्याने आधी आरसी बुक मागितलं. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष तिथे छापलेलं होतं. विकत घेतल्याच्या तारखेपेक्षा तब्बल १४ महिने आधीचं! घेणारा म्हणाला, "तुम्ही घेतलीत तीन वर्षांपूर्वी, पण गाडी चार वर्षांच्या पुढची आहे. मी भाव त्या हिशेबाने देणार." त्याच महिन्यात घेतलेली तसलीच गाडी शेजाऱ्याने विकली होती. तिच्यापेक्षा याला ७० हजार रुपये कमी मिळाले. सूट मिळाली ४० हजार आणि तोटा झाला ७० हजार. वजाबाकी करायला मी त्याला चौथीत शिकवली होती. तो माझ्याकडे आला तेव्हा मी ती आठवण काढली नाही.

म्हणजे पडून राहिलेली गाडी घेऊच नये का? असं मी म्हणणार नाही. गाडी दहा-बारा वर्षं वापरायची असेल तर एका वर्षाचा फरक फार जाणवत नाही. नोंदणीची १५ वर्षंही नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, गाडी बनल्याच्या तारखेपासून नाही. सूट तेवढी जास्त मिळाली पाहिजे आणि आपण काय घेतो आहोत हे आधी कळलं पाहिजे. बॅटरी नवी बसवून मागावी. गाडी एकाच जागी महिनोन् महिने उभी राहिली की टायर खालच्या बाजूला चपटं होतं, ते पाहावं. बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात. गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष कोटेशनवर लिहून मागावं. गाडीला १७ अक्षरांचा आणि आकड्यांचा मिळून एक चेसिस नंबर असतो. महिना आणि वर्ष त्यातही खुणेने लिहिलेलं असतं. पण प्रत्येक कंपनीची खूण एकसारखी नसते, म्हणून तो नंबर दाखवून त्यांच्याकडूनच उलगडून घ्यावा. सांगायला कुरकुर करत असतील तर समजावं.

एक गोष्ट मात्र कुणाला न विचारता तुम्ही स्वतः वाचू शकता. टायरच्या बाजूला वाका. तिथे बरीच इंग्रजी अक्षरं असतात. त्यांत एका लांबट चौकटीत फक्त चार आकडे असतात. आतल्या बाजूला असले तर मान जरा वाकडी करावी लागेल. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. समजा, ३२२४ असं आहे. म्हणजे ते टायर २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलं. ३२ ला ७ ने गुणा, २२४ झाले. वर्षाचा २२४ वा दिवस म्हणजे ऑगस्टचा दुसरा आठवडा. टायर आधी बनतं आणि मग गाडीला लागतं. तेव्हा गाडी त्या तारखेनंतरची आहे, एवढं नक्की. पण टायर जुनं निघालं की गाडीही बहुधा जुनीच असते. चारही टायर पाहा आणि डिकीतलं पाचवंही पाहा.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. २०२५ च्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, तुमचा भाचा गाडी पाहायला गेला. गाडी ८ लाखांची. चारही टायरांवर ४८२४ असे आकडे आहेत. शोरूमवाला म्हणतो, "कालच आली आहे, २५ हजार सूट देतो." टायर कोणत्या महिन्यातलं, ते आधी काढा. तिथपासून दसऱ्यापर्यंत किती महिने झाले, ते मोजा. मग वर आपण रोजचे २२० रुपये व्याज काढलं होतं, त्या हिशेबाने गाडी तेवढे दिवस उभी होती असं धरलं तर डीलरचं किती व्याज गेलं, ते पाटीवर मांडा. आणि २५ हजारांवर भाच्याने हो म्हणावं की आणखी थोडं बसून बोलावं, ते तुम्हीच त्याला सांगा.